जळगावातील दोन दिवसांचे कराटे शिबिर : एका शिबिरार्थीचा अभिप्राय

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी जळगावात भरलेल्या शोतोकान या कराटेच्या एका पद्धतीच्या निवासी शिबिराला आमच्या अमळनेरच्या वर्गातील आम्ही दहा-बारा जण गेलो होतो. शाळकरी मुले, महाविद्यालयात शिकणारे काही तरुण आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या माझ्यासारख्या दोघी-तिघी असा आमचा गट होता. परतल्यापासून ओळखीतले पालक आणि इतर वर्गांतले विद्यार्थी विचारत आहेत, की पुढच्या वेळी मुलांना पाठवावे का आणि शुल्काच्या मानाने तिथे काय मिळते. याचे उत्तर एका शब्दात देणे मला जमत नाही, कारण शनिवार ज्या विचाराने आखला होता, तो विचार रविवारच्या आखणीत दिसला नाही. शनिवारी जे शिकायला मिळाले त्यासाठी मी पुन्हा तेवढेच पैसे आनंदाने भरीन. रविवारची सकाळ मात्र बरीचशी रांगेत बसून आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात गेली.

शिबिराचे मोल ठरवताना मी एकच गोष्ट पाहते. घरी परतल्यावर, शिकवणारे समोर नसताना, रोजच्या सरावात आपण कोणती गोष्ट अधिक नीट करू लागलो? दोन दिवसांत चार-पाच नवे काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचे संच, धावतपळत दाखवले, की मुलांना खूप मिळाल्यासारखे वाटते आणि पालकही खूश होतात, परंतु आठवडाभरात त्यांचा क्रमसुद्धा आठवेनासा होतो. याउलट, येत असलेल्या एखाद्या पवित्र्यातील पावलांची जागा कुणी चार बोटे सरकवून दिली आणि ती तिथेच का हवी हे अंगाला कळले, तर ती दुरुस्ती पुढे प्रत्येक कातामध्ये आपल्याबरोबर राहते. शनिवारच्या सत्रांनी नेमके हेच काम केले.

व्यवस्थेबद्दल आधी सांगते. शुल्क प्रत्येकी १,२०० रुपये होते आणि त्यात एक मुक्काम, शनिवारची दोन्ही जेवणे, रविवारचा नाश्ता व दुपारचे जेवण समाविष्ट होते. जागा मेहरूण भागातील एका शाळेची होती. अमळनेरकरांना सुरत-भुसावळ मार्गावरची सकाळची गाडी सोयीची पडते. धरणगाव, पाळधी करत ती वेळेत पोचवते आणि स्थानकापासून रिक्षा मिळते. शहादा-शिरपूरकडच्या मुलांना मात्र चोपड्यामार्गे एसटीने यावे लागत असल्यामुळे पहाटेच घर सोडावे लागले होते. आयोजकांनी त्यांच्यासाठी पहिले सत्र अर्धा तास पुढे ढकलले आणि उशिरा आलेल्या मुलांना रागावण्याऐवजी आधी चहा-बिस्किटे दिली, ही गोष्ट मला फार आवडली. लांबून येणाऱ्या मुलाची सुरुवातच ओशाळेपणाने झाली, तर पुढे दिवसभर ते मागच्या रांगेत दडून राहते.

मुख्य प्रशिक्षक मूळचे साक्रीकडचे आणि आता नाशिकला शिकवणारे, साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. त्यांच्या मदतीला एक सहप्रशिक्षिका होत्या, ज्यांना सगळे ताई म्हणत. सरांनी अंग मोकळे करण्याचे व्यायाम संपताच जाहीर केले, की दुपारच्या जेवणापर्यंत फक्त झेनकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून आणि मागचा पाय ताठ ठेवून उभे राहण्याचा पवित्रा, होईल. मुलांचे चेहरे उतरले, कारण हा पवित्रा पांढऱ्या पट्ट्यापासून सगळेच करतात. सरांनी जमिनीवर खडूने लांब रेघा मारून घेतल्या आणि प्रत्येकाला रेघेच्या एका बाजूला डावा व दुसऱ्या बाजूला उजवा पाय ठेवायला सांगितले. तेव्हा दिसले, की निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांची दोन्ही पावले पुढे सरकताना एकाच रेघेवर येत होती. पावलांमध्ये खांद्यांएवढी रुंदी नसली की कंबर वळायला जागा राहत नाही, आणि बाजूने हलका धक्का बसला तरी तोल जातो. सरांनी रांगेतून फिरत प्रत्येकाच्या खांद्याला बाजूने दोन बोटे लावली, तेवढ्यानेच कितीतरी जण डगमगले. त्यानंतर कुणाला वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

पुढच्या पायावर साधारण साठ टक्के आणि मागच्या पायावर चाळीस टक्के भार असावा, हे आम्ही सगळ्यांनी तोंडपाठ केलेले असते. तो भार अंगात कसा ओळखायचा, हे पट्ट्याच्या सरावातून समजले. एकाने आपला पट्टा सोडून जोडीदाराच्या कमरेभोवती समोरून घालायचा, दोन्ही टोके मागे धरून उभे राहायचे आणि जोडीदाराने पुढे सरकताना त्याला मागे ओढून धरायचे. मागच्या पायाची टाच उचलली असेल किंवा गुडघा ढिला असेल, तर एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. टाच जमिनीत रोवून, मागच्या पायाने रेटा देत कंबर पुढे नेली, तरच अंग सरकते. सर म्हणाले, की बिजागरीवर दार फिरावे तशी कंबर एका बाजूने फिरली पाहिजे; दोन्ही बाजूंनी डोलली तर ठोशात जोर उतरत नाही. गेदान-बाराईच्या (हात खाली झटकून करायच्या बचावाच्या) वेळी अंग तिरके, म्हणजे हान्मीमध्ये, आणि ग्याकू-झुकीच्या (मागच्या पायाच्या बाजूच्या हाताने मारायच्या ठोशाच्या) वेळी सरळ समोर, हा फरक त्या ओढाताणीत इतका स्पष्ट झाला, की आमच्या वर्गातला नववीतला एक मुलगा, जो एरवी ठोसा मारताना खांदा पुढे फेकतो, त्याने दुपारी आपणहून मला बोलावून कंबर वळवून दाखवली.

जेवणानंतर हेइआन शोदान हा काता झाला. एकवीस हालचालींचा हा काता शोतोकानमध्ये अगदी सुरुवातीला शिकवतात, त्यामुळे तपकिरी पट्टा मिळाल्यावर तो केवळ अंग गरम करण्यासाठी केला जातो, अशी अनेक वर्गांत पद्धत पडली आहे. सरांनी त्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली. इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातील शाळकरी मुलांना शिकवता यावेत म्हणून पिनान नावाचे पाच काता तयार केले. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत ओकिनावाच्या कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले, पुढे ते तिथेच शिकवत राहिले आणि त्यांच्या परंपरेत या काताना हेइआन हे नाव मिळाले, तसेच पहिल्या दोघांचा क्रमही उलटला. ही माहिती त्या दिवशी फार उपयोगी पडली, कारण भुसावळहून आलेले तीन विद्यार्थी शितो-र्यू या कराटेच्या दुसऱ्या पद्धतीचे होते आणि आपल्याला इथे काही करता येणार नाही अशा समजुतीने भिंतीला टेकून बसले होते. तुम्ही ज्याला पिनान निदान म्हणता तोच हा काता, असे सांगून सरांनी त्यांना पुढे बोलावले आणि तो त्यांच्या पद्धतीने करायला सांगितला. पवित्रे वेगळे, काही हालचालीही वेगळ्या, तरी आराखडा ओळखीचा होता. आपल्या काताचा सख्खा भाऊ समोर चालताना आमच्यातल्या बहुतेकांनी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

त्यानंतरचे बुंकाई, म्हणजे कातातल्या हालचालींचा प्रत्यक्ष उपयोग जोडीदारावर करून पाहणे, हा माझ्या दृष्टीने संपूर्ण शिबिराचा गाभा होता. हेइआन शोदानच्या चौथ्या हालचालीत पुढचा उजवा पाय मागे ओढून, उजवा हात गोलाकार फिरवून मुठीच्या बाजूने वरून प्रहार करतात. लहान मुले ती करताना हात छानपैकी गोल फिरवतात आणि पाय मात्र विसरतात. सरांनी सगळ्यांना जोड्या लावायला लावल्या आणि एकाने दुसऱ्याचे मनगट खरोखर घट्ट धरायचे असे सांगितले. साक्री-पिंपळनेरकडची दोन मुले मोठ्यांचा हात धरायला बिचकत होती. त्यांच्याजवळ जाऊन सर अहिराणीत म्हणाले, "भिऊ नको, जोरमा धर," आणि ती मुले हसून कामाला लागली. नुसता हात फिरवून पकड सुटत नाही, हे प्रत्येकाला लगेच कळले. पाय मागे घेतला की सगळ्या अंगाचे वजन त्या मनगटामागे येते, पकडणाऱ्याचा तोल पुढे झुकतो, त्याचा अंगठा उघडा पडतो आणि हात त्या फटीतून निघतो. चोपड्याची सहावीतली एक मुलगी आमच्या वर्गातल्या धिप्पाड तरुणाच्या पकडीतून दोनदा सहज सुटली, तेव्हा आजूबाजूच्या जोड्या थांबून पाहू लागल्या. हिकितेचेही तसेच झाले. मागे कमरेशी येणारा हात ही केवळ शोभेची गोष्ट नसून, समोरच्याचे मनगट किंवा बाही धरून त्याला आपल्या ठोशावर ओढण्यासाठी तो आहे, हे जोडीदाराला धरून केल्यावरच पटते. तिसऱ्या आगे-उकेनंतर (हात वर उचलून केलेल्या बचावानंतर) जे २७० अंशांत वळायचे असते, त्याचा फेकीसाठी होणारा उपयोग सरांनी फक्त मोठ्या विद्यार्थ्यांना आणि फक्त मॅटवर करू दिला. लहानांना तो बसून पाहायला लावला. ही सावधगिरी योग्यच होती.

दर पाच-सात मिनिटांनी जोडीदार बदलायचा आणि शक्यतो दुसऱ्या गावाचा निवडायचा, असा शनिवारचा दंडक होता. स्वतःच्या वर्गात आपण वर्षानुवर्षे त्याच माणसांबरोबर सराव करतो. कोण कधी पुढे येणार, कोणाचा हात किती लांब, कोण दमला की डावीकडे सरकतो, हे सगळे पाठ झालेले असते. पाचोऱ्याचा अनोळखी मुलगा समोर आला की त्याचे अंतर नव्याने मोजावे लागते. शिबिराला जाण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे, आणि ते घरच्या वर्गात कितीही चांगले सर असले तरी मिळू शकत नाही. मुलींच्या बाबतीत ताईंनी घेतलेली काळजीही इथे नमूद केली पाहिजे. मनगट किंवा बाही धरण्याच्या सरावात पुरुष जोडीदार चालेल का, हे त्या प्रत्येक मुलीला बाजूला घेऊन विचारत होत्या, आणि नको म्हणणाऱ्या मुलीला कोणतेही कारण न विचारता दुसरी जोडीदारीण देत होत्या.

रात्रीचे जेवण उत्तम होते: वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, सोबत कांद्याची पात आणि मुळा. जानेवारीत जळगावला जाऊन भरीत न खाता परतणे कुणालाही रुचले नसते. मुलींची झोपण्याची खोली वेगळ्या मजल्यावर होती आणि आयोजकांपैकी एक बाई रात्रभर तिथेच होत्या. मुलगे वर्गखोल्यांमध्ये सतरंजीवर झोपले. पांघरूण स्वतःचे आणायचे हे आधी कळवलेले होते. पण त्या दिवसांत खानदेशात पहाटे चांगलाच गारठा असतो, त्यामुळे पातळ चादर घेऊन आलेली मुले कुडकुडत उठली. आंघोळीला गरम पाणी नव्हते.

रविवारी पहाटे मेहरूण तलावाच्या काठाने चालणे आणि थोडे धावणे झाले. मग तिथेच मोकुसो म्हणजे डोळे मिटून शांत बसणे, दोजो-कुन म्हणजे सरावाच्या जागेच्या नियमांची पाच वचने आणि एका सुरात मोजत घेतलेल्या ग्याकू-झुकी. इथपर्यंत सगळे छान चालले होते.

त्यानंतर कुमितेचे, म्हणजे जोडीदाराशी लढण्याचे, सत्र सुरू झाले आणि शनिवारची शिस्त विस्कटली. नियमांची माहिती देणारा पहिला भाग चांगला होता, हे आवर्जून सांगते. ठोशाला यूको म्हणजे एक गुण, मधल्या भागावरच्या लाथेला वाझा-आरी म्हणजे दोन, डोक्याच्या पातळीवरच्या लाथेला किंवा पाडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर नियंत्रित प्रहार केल्यास इप्पोन म्हणजे तीन. आठ गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच संपते. गुण बरोबरीत राहिले तर निर्विवाद पहिला गुण घेणाऱ्याला सेन्शूचा फायदा मिळतो. शालेय क्रीडा स्पर्धांत तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग अशी मजल मारू पाहणाऱ्या मुलांना हे नियम नेमके माहीत असणे गरजेचे असते, आणि पंच म्हणून काम केलेल्या एका सरांनी ते हाताच्या खुणांसह समजावले.

परंतु त्यानंतर सत्तरच्या वर मुलांसाठी आठ मीटर बाय आठ मीटरचे एकच मैदान होते. एक जोडी लढत होती आणि बाकीचे सगळे शहाबादी फरशीवर मांडी घालून बसले होते. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिटाची एक लढत आली, आणि तीसुद्धा तासभर बसून अंग आखडल्यावर. थंड पडलेल्या स्नायूंनी उठून एकदम उंच लाथ मारायला जाणे म्हणजे मांडीचा स्नायू दुखावून घेण्यास आमंत्रण देणे होय, आणि आमच्यातल्या एका तरुणाचे तसेच झाले. जोड्या लावताना पट्टा पाहिला गेला, वजन आणि वय पाहिले गेले नाही. त्यामुळे सातवीतला किरकोळ मुलगा दहावीतल्या मुलासमोर उभा राहिला. हातमोजे आळीपाळीने वापरले जात होते. माउथगार्ड निम्म्यांकडे नव्हते आणि तरीही त्यांना मैदानात घेतले गेले. एका मुलाचा ओठ दाताखाली येऊन फुटला, तेव्हा प्रथमोपचाराच्या पेटीत पट्टी आणि मलम निघाले, पण बर्फ नव्हता. तो आणायला कुणीतरी रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडे धावले. जखम मोठी नव्हती. तरीही लहान मुलांच्या लढती घ्यायच्या आणि बर्फ व दवाखान्यात नेण्यासाठी वाहन तयार ठेवायचे नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

या सत्राला पर्याय तिथेच, हाताशी होता. गोहोन (पाच हल्ल्यांची) कुमिते आणि इप्पोन (इथे एका हल्ल्याची) कुमिते हे ठरावीक हल्ला-बचावाचे प्रकार सत्तर काय, दीडशे जणांनाही एकाच वेळी समोरासमोर रांगा करून घेता येतात. हल्ला करणारा कुठे मारणार ते आधी सांगतो, बचाव करणारा मागे सरकून अडवतो आणि शेवटी प्रतिठोसा देतो. त्यात शनिवारी दुरुस्त झालेला पवित्रा, कमरेचे वळण आणि हिकिते या तिन्ही गोष्टी चालत्या अंतरावर तपासता आल्या असत्या. मुक्त लढती मग शेवटच्या तासात फक्त स्पर्धेला उतरणाऱ्यांसाठी घेतल्या असत्या, तर बाकीच्यांनाही बसून पाहण्यात रस वाटला असता. शनिवारी इतक्या निगुतीने रचलेली गोष्ट रविवारी कुणी पुढे नेलीच नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

नाश्त्याचेही नियोजन चुकले. लढतींच्या जेमतेम अर्धा तास आधी तेलकट मिरचीभजी आणि पोहे दिले गेले. जळगावात केळ्यांना तोटा नाही. केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि पाणी एवढ्यावर मुलांची सकाळ उत्तम निभावली असती, आणि भजी दुपारी शेवभाजीबरोबर अधिक गोड लागली असती.

समारोपाच्या वेळी एका पाहुण्यांनी मुलांना ऑलिंपिकची स्वप्ने दाखवली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे होते हे खरे, पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते नव्हते, आणि हे मुलांना सांगितले गेले नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये कराटे आहे, तेवढे ध्येयसुद्धा खानदेशातल्या मुलासाठी पुष्कळ मोठे आणि खरे आहे. टाळ्या मिळाव्यात म्हणून मुलांपुढे अर्धी माहिती ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

एका गोष्टीबद्दल आयोजकांचे मनःपूर्वक आभार मानले पाहिजेत. शिबिराला पट्ट्याची परीक्षा जोडलेली नव्हती. मिळाले ते केवळ सहभागाचे प्रमाणपत्र. दोन दिवसांच्या शिबिरानंतर सरसकट वरचा पट्टा देण्याचा मोह टाळल्यामुळे कुणी परीक्षकाला दाखवण्यासाठी काता करत नव्हते, आणि शनिवारी जो तो निर्धास्तपणे डगमगत शिकत होता. शुल्काची पावती मात्र मागितल्यावरच मिळाली. ती सर्वांना आपणहून द्यायला हवी.

परतल्यावर आमच्या सरांनी अमळनेरच्या वर्गात त्याच आठवड्यात खडूच्या रेघा मारल्या आणि पट्ट्याची ओढाताण सुरू केली. शिबिराला न आलेली मुलेही आता हेइआन शोदानच्या चौथ्या हालचालीत पाय मागे घेतात. मी आयोजकांना दोन मैदाने, वजनानुसार जोड्या, बर्फ आणि माउथगार्डची सक्ती या सूचना लेखी कळवल्या. त्यांनी बर्फ, प्रथमोपचार आणि माउथगार्डबद्दल लगेच होकार दिला, दुसऱ्या मैदानाचा खर्च पाहून सांगू असे कळवले. जोड्यांबद्दल अजून उत्तर आलेले नाही.

पुढचे शिबिर दिवाळीनंतर घेण्याचा त्यांचा विचार आहे. पिवळ्या पट्ट्यापुढचा, म्हणजे हेइआन शोदान पूर्ण येणारा कोणताही विद्यार्थी मी तिथे निःशंकपणे पाठवीन. अगदी नवख्या मुलाला पवित्र्यांचे ते तीन तास कंटाळवाणे वाटतील, त्याने आणखी काही महिने थांबावे. बारा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी नाव नोंदवतानाच रविवारच्या लढतींत जोड्या कशा लावणार हे विचारावे, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर मुलाने लढतीत उतरू नये असे लेखी कळवावे. जाताना जाड पांघरूण, दोन गणवेश, नखे कापलेली बोटे, आणि नाव लिहिलेले स्वतःचे हातमोजे व माउथगार्ड एवढे बरोबर असावे.